डॉक्टर निवडताना: आधी गरज, मग नाव

डॉक्टर शोधायची वेळ बहुतेकांवर येते ती अंगात ताप असताना. कण्हणारा माणूस चौकशा करत बसत नाही, जो दवाखाना उघडा दिसेल तिथे शिरतो. म्हणून हे काम तब्येत ठणठणीत असतानाच उरकून टाकावं.

१. कागद-पेन घ्या

"चांगला डॉक्टर कोण?" असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात, आणि कुणीच खोटं बोलत नसतं. ज्याचं दुखणं वेगळं, त्याचा डॉक्टर वेगळा. तेव्हा आधी आपलं काय ते लिहून काढा. घरात कुणाला बीपी, शुगर, दमा आहे? कोणत्या गोळ्या रोजच्या आहेत, कशाची ॲलर्जी आहे? येत्या वर्षात बाळंतपण किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे का?

मग व्यवहाराच्या गोष्टी: अंतर, वेळ, फी, विमा कुठे चालतो. या किरकोळ वाटतात, पण डॉक्टर सुटतो तो बहुधा यांच्यापायीच. गुडघे धरलेल्या आईला लिफ्ट नसलेल्या इमारतीत दोन जिने चढून जावं लागत असेल, तर तिसऱ्या खेपेला ती "आता बरं वाटतंय" म्हणून घरीच बसेल.

२. पहिला शोध फॅमिली डॉक्टरचा

चक्कर आली की लोक थेट मेंदूच्या डॉक्टरकडे नंबर लावतात. पण चक्कर कानाच्या आतल्या भागातल्या बिघाडाने येते, रक्त कमी असल्याने येते, बीपीची नवी गोळी जास्त झाल्यानेही येते. कोणत्या दारात जायचं हे ठरवायलाच आपल्याला सगळ्या बाजूंनी ओळखणारा एक माणूस लागतो. वर्षानुवर्षं एकाच डॉक्टरकडे जाण्याचा काय परिणाम होतो, यावरचे २२ अभ्यास २०१८ मध्ये एकत्र तपासले गेले. त्यातल्या १८ अभ्यासांत अशा रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. डॉक्टर न बदलल्यानेच ते कमी झालं, हे यातून सिद्ध होत नाही. तरी दर आजाराला नवा डॉक्टर धरणाऱ्यांनी थोडं थांबावं, एवढं नक्की.

३. नावं जमवा, पदवी पडताळा

त्याच आजारातून गेलेल्या माणसांना विचारा. ओळखीत कुणी नर्स किंवा औषध दुकानदार असेल तर सोन्याहून पिवळं. पदवी आणि नोंदणी मात्र स्वतः पाहा. बहुतेक देशांत डॉक्टरांची नोंदणी करणारी अधिकृत संस्था असते आणि तिची यादी अनेकदा ऑनलाइन तपासता येते.

इंटरनेटवरचे तारे जपून मोजा. किती वेळ ताटकळावं लागलं, रिसेप्शनवरची व्यक्ती कशी बोलली, हे त्यातून कळतं. निदान बरोबर होतं की नाही, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसतं. हाताला गुण असल्याची ख्यातीही तशीच. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपणच जाते. श्रेय मिळतं ते शेवटची गोळी देणाऱ्याला.

४. पहिली भेट किरकोळ कारणासाठी ठेवा

साध्या तपासणीला जा आणि तुम्हीही डॉक्टरांना तपासा. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर रुग्णाला बोलताना सरासरी १८ सेकंदांत अडवतात असं दिसलं. तुम्हाला पहिलं वाक्य तरी पुरं करू दिलं का? चालू गोळ्या विचारल्या का? जुने रिपोर्ट उघडून पाहिले की बाजूला सारले?

बीपी कसं मोजतात याकडे खास लक्ष द्या. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हात हृदयाच्या पातळीला टेकवून मोजायला हवं, तेही गप्पा न मारता. धापा टाकत आत आलेल्या माणसाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून कुणी आयुष्यभराची गोळी लिहून देत असेल, तर नमस्कार करून बाहेर पडावं.

दोन-तीन प्रश्न विचाराच: हे औषध कशासाठी? घेतलं नाही तर काय होईल? कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं? "आत्ता नक्की सांगता येत नाही, दोन दिवस पाहू" हे उत्तर मला तरी भरवशाचं वाटतं. उलट, सर्दीसाठी मागितल्याबरोबर अँटिबायोटिक देणारा डॉक्टर गोड बोलत असला तरी सोडा. विषाणूंवर ते औषध चालतच नाही.

५. ऑपरेशन असेल तर आकडे विचारा

इथे लाज बाळगू नका. "हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? या रुग्णालयात किती होतात? रात्री काही झालं तर कोण असतं?" ओपन हार्टसारख्या काही मोठ्या ऑपरेशनांत जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू कमी होतात, हे १९७९ पासून अभ्यासांत दिसत आलं आहे. घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मतही घ्या. त्यावर जो रागावेल, त्याच्याकडून ऑपरेशन करून घ्यायचं का, ते तुम्हीच ठरवा.

छातीत कळ, तोंड वाकडं होणं, एकाएकी हात लुळा पडणं यांत मात्र निवड करत बसायचं नाही. तडक ॲम्ब्युलन्स बोलवायची.

६. पटलं नाही तर बदला, पण बेताने

तीन दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि शुगरची एचबीएवनसी चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. बदलायचंच ठरलं तर रिपोर्टच्या आणि औषधांच्या चिठ्ठीच्या प्रती मागून घ्या. मधल्या काळात गोळ्या मनानेच बंद करू नका. स्टेरॉइड, फिटची औषधं, बीपीच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर जिवावर बेतू शकतं. नव्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट जुनी पाकिटं संपायच्या आतली घ्या, आणि ती पाकिटं सोबत न्या.