फुटबॉल प्रशिक्षकाचा वारसा मोजताना या चुका टाळा

सावंतवाडीहून मडगावला सामना पाहायला जाणाऱ्यांच्या परतीच्या प्रवासात एक वाद हमखास रंगतो, तो म्हणजे कोणता प्रशिक्षक खरा मोठा. सिंधुदुर्गात व्यावसायिक क्लब नसल्यामुळे आम्हा दक्षिण कोकणातल्या प्रेक्षकांचा जीव मडगावच्या फातोर्डा मैदानात अडकलेला असतो आणि वादातली नावेही बहुधा तिथलीच निघतात. तास-दीड तास तावातावाने बोलून झाल्यावर कोणीतरी विचारतो, "ता सगळा खरा, पण कप खंय आसा?" (कप कुठे आहे?) आणि सगळे गप्प होतात. या प्रश्नाने वाद मिटतो, पण प्रशिक्षकाचे मोजमाप मात्र बहुतेक वेळा चुकते.

करंडक उचलणाऱ्यालाच सारे श्रेय देणे

ही सर्वांत मोठी चूक आहे आणि तिचे उत्तम उदाहरण एफसी गोवाचेच आहे. इंडियन सुपर लीग या साखळीत खेळणाऱ्या या क्लबात सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या हंगामात संघ उपांत्य फेरीत गेला, दुसऱ्या हंगामात अंतिम सामना बेंगळुरूविरुद्ध जादा वेळेत हरला आणि 2019 मध्ये त्याने सुपर कप जिंकला. चेंडू पायाशी ठेवून, गोलरक्षकापासून चाल बांधत नेणारा खेळ त्या काळात रुजला आणि फेरान कोरोमिनास सलग दोन हंगाम साखळीत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. पुढे 2020 च्या जानेवारीअखेर, साखळीतले तीन सामने शिल्लक असताना, क्लबने लोबेरांना निरोप दिला. ते तिन्ही सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हंगामी देखरेखीखाली संघाने जिंकले, शेवटच्या सामन्यात जमशेदपूरला 5-0 असे हरवले, आणि साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारी लीग विनर्स शील्ड गोव्याकडे आली. या शील्डमुळेच आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट स्थान मिळाले, जे त्याआधी कोणत्याही भारतीय क्लबला मिळालेले नव्हते. ती स्पर्धा 2021 च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यातच झाली तेव्हा बाकावर तिसरेच प्रशिक्षक, हुआन फेरांडो, होते आणि कतारच्या अल रय्यानला गोलशून्य बरोबरीत रोखून या गटफेरीतला भारतीय क्लबचा पहिला गुण त्यांच्या नावावर नोंदला गेला.

आता हे यश कोणाचे म्हणायचे? आंबे उतरवताना झेला ज्याच्या हातात, बागही त्याचीच, असे आपण म्हणत नाही. माझा कौल विचाराल तर शील्डचा मोठा वाटा लोबेरांचा आहे, परंतु डोक्यावरचा प्रशिक्षक अचानक गेल्यावर संघ विस्कटू न देणे हेही काम असते, आणि ते मिरांडांच्या खात्यातून पुसणे अन्यायाचे होईल. म्हणून करंडकांची यादी करताना प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: संघ हाती आला तेव्हा तो कसा होता, आणि सोडून गेला तेव्हा कसा होता. पुढे लोबेरांनी मुंबई सिटीला 2020-21 मध्ये शील्ड आणि अजिंक्यपद अशी दोन्ही मिळवून दिली. उपांत्य फेरीत त्यांनी पेनल्टींवर गोव्यालाच बाहेर काढले आणि करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना जिंकला. त्या संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर बसलेल्या आम्हा मंडळींना आनंद मानावा की दुःख, हे कळेनासे झाले होते.

शेवटच्या हंगामावरून निकाल देणे

ब्राझीलचे नामवंत खेळाडू झिको यांनी प्रशिक्षक म्हणून 2014 ते 2016 असे तीन हंगाम गोव्याला दिले: पहिल्यात उपांत्य फेरी, दुसऱ्यात अंतिम फेरी, तिसऱ्यात आठ संघांमध्ये तळाचे स्थान. आठवण बहुधा तळाचीच राहते. वास्तविक 2015 च्या अंतिम सामन्यात फातोर्ड्यावर गोवा अगदी शेवटच्या मिनिटांपर्यंत 2-1 ने पुढे होता आणि एक स्वयंगोल व भरपाई वेळेतला एक गोल यांनी चेन्नईयिनने तो 3-2 असा फिरवला. त्या चार-पाच मिनिटांत झिकोंची योग्यता बदलली असे मानायचे असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय तेव्हाचा हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा असे, आणि इतक्या थोड्या सामन्यांच्या टक्केवारीवरून ठाम मत बनवणे मुळातच धोक्याचे असते. इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांच्या अखेरच्या हंगामात, 1993 मध्ये, त्यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबची खालच्या श्रेणीत घसरण झाली होती. म्हणून 1979 आणि 1980 चे युरोपियन कप कोणी खोडत नाही.

नंतरच्या माणसाच्या अपयशाला पुरावा समजणे

ॲलेक्स फर्ग्युसन 2013 मध्ये तेरावे प्रीमियर लीग विजेतेपद घेऊन निवृत्त झाले आणि पुढच्याच हंगामात मँचेस्टर युनायटेड सातव्या स्थानी आला. यावरून एक जण त्यांची थोरवी सिद्ध करतो, तर दुसरा त्यांनी वय झालेला संघ मागे ठेवल्याचा आरोप करतो. पुरावा एकच आणि निष्कर्ष उलटसुलट, तेव्हा तो पुरावा बाजूला ठेवलेला बरा.

मालकाचे निर्णय प्रशिक्षकाच्या माथी मारणे

आर्सेन व्हेंगर यांच्या आर्सेनलला 2005 ते 2014 एकही करंडक मिळाला नाही, हे खरे आहे. पण त्याच काळात क्लब साठ हजार आसनांच्या नव्या मैदानाचे कर्ज फेडत होता आणि तरीही प्रत्येक हंगामात पहिल्या चारांत राहिला. खर्चाचा हिशेब न पाहता केलेली तुलना अर्धवटच ठरते. आपल्याकडे गोव्याच्या धेंपो क्लबने 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून माघार घेतली, ती भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणावरील मतभेदांमुळे. तिचा क्लबचे जुने प्रशिक्षक आर्मांदो कोलासो यांच्या कारकिर्दीशी काही संबंध नव्हता.

क्रमवारीचा आकडा जसाच्या तसा स्वीकारणे

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत भारत फिफाच्या क्रमवारीत 2015 मधल्या 173 व्या स्थानावरून जुलै 2017 मध्ये 96 व्या स्थानावर पोहोचला. मात्र फिफाची तेव्हाची पद्धत गुणांच्या सरासरीवर आधारलेली होती, त्यामुळे कोणते मैत्रीपूर्ण सामने खेळायचे आणि कोणते टाळायचे यालाही महत्त्व होते. ती पद्धत 2018 मध्ये बदलण्यात आली. कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूने बोलायचे झाल्यास मी 96 हा आकडा न सांगता 2019 च्या आशियाई चषकासाठीची पात्रता आणि तिथे थायलंडवर मिळवलेला 4-1 विजय पुढे करीन.

शिष्यांकडे न पाहणे

कोलासो यांनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेते केले, इतके सर्वांना ठाऊक असते. त्या संघाच्या मधल्या फळीत खेळणारा एक गोवेकर म्हणजे वर उल्लेखिलेले क्लिफर्ड मिरांडा. त्यांनीच 2023 मध्ये, पुन्हा हंगामी प्रशिक्षक म्हणून, ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला. कोलासो यांच्या नावापुढील करंडकांत ही नोंद येणार नाही, पण गाडीतल्या पुढच्या वादात कोणी "कप खंय आसा?" असे विचारले, तर त्याला भुवनेश्वरचा पत्ता द्यायला मला आवडेल.