यूएस अटर्नीच्या नेमणुकीचं भांडण वहीत कसं मांडावं

27 जुलै 2025, रविवार. भावजी, म्हणजे माझे दीर, जेवायला आले होते. ते पक्के रिपब्लिकन आणि आमचा निखिल तितकाच पक्का डेमोक्रॅट. मागचा भात येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग आमच्या न्यू जर्सीच्या यूएस अटर्नी अलिना हबा यांचा विषय निघाला.

"वहिनी, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या बाईला काढणारे हे जज कोण?"

"काका, तिला सिनेटने मान्यताच दिलेली नाही, ती तिथे बसलीच कशी ते विचारा ना!"

दोघांचे आवाज चढले, ताक तसंच राहिलं. मी सव्वीस वर्षं लोकांचे टॅक्स रिटर्न भरते. दोन भागीदार माझ्यासमोर भांडायला लागले की मी त्यांना फक्त नोंदी दाखवायला सांगते. त्या दिवशीही एक कोरी वही काढली. तेव्हापासून अशी बातमी आली की आधी वहीत उतरवते आणि मगच मत देते. तुमच्याही घरात असे दोन पक्ष असतील, तर ती वही कशी ठेवायची ते सांगते.

पहिल्या रकान्यात पद लिहा, आणि नीट लिहा, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात. अटर्नी जनरल म्हणजे वॉशिंग्टनमधल्या न्याय खात्याचा प्रमुख, मंत्रिमंडळातला माणूस. डिस्ट्रिक्ट अटर्नी हा काउंटीचा, बहुतेक राज्यांत लोकांनी निवडून दिलेला. (आमच्या जर्सीत तोही निवडून येत नाही, काउंटी प्रॉसिक्यूटर गव्हर्नर नेमतो. भावजींना तीस वर्षांत हे माहीत नव्हतं.) यूएस अटर्नी हा तिसराच. आपल्या जिल्ह्यात केंद्र सरकारच्या वतीने कोणावर खटला भरायचा हे तो ठरवतो. देशात फेडरल कोर्टाचे 94 जिल्हे आहेत आणि यूएस अटर्नी 93, कारण ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटं मिळून एकच आहे. हे पद 1789 पासूनचं आहे.

दुसऱ्या रकान्यात माणूस कोणत्या दाराने आत आला ते लिहा. माझ्या मते सगळी वही या एका रकान्यासाठी आहे. नाव मागाहून लिहिलं तरी चालतं.

पुढचं दार एकच. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मान्यता देते, मुदत चार वर्षं. या दाराने आलेल्यालाही राष्ट्राध्यक्ष केव्हाही काढू शकतात. क्लिंटन यांच्या अटर्नी जनरल जॅनेट रीनो यांनी 1993 मध्ये जवळपास सगळ्यांचेच राजीनामे मागितले होते, आणि 2017 च्या मार्चमध्ये ट्रम्प यांचे अटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी उरलेल्या 46 जणांचे. न्यूयॉर्कचे प्रीत भरारा यांनी राजीनामा दिला नाही, तर त्यांना काढलं. सरकार बदललं की नवी माणसं येणारच, त्यात आरडाओरडा करण्यासारखं फार काही नसतं. भांडण बाकीच्या तीन दारांवरून होतं.

दुसरं दार अटर्नी जनरलचं. जागा रिकामी असेल तर तो 120 दिवसांसाठी माणूस नेमू शकतो. बातमीत नावाआधी 'इंटरिम' दिसलं की हे दार समजा. ते दिवस संपले की तिसरं दार उघडतं. जागा भरेपर्यंत त्या जिल्ह्यातले फेडरल जज कोणाला तरी नेमू शकतात. भावजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच, जज आपणहून मध्ये पडलेले नव्हते. चौथं दार मागचं. रिकाम्या जागांसाठी 1998 चा एक कायदा आहे, त्याप्रमाणे कार्यालयातला क्रमांक दोनचा अधिकारी, म्हणजे फर्स्ट असिस्टंट, हंगामी काम पाहतो. तेव्हा नावाआधी 'ॲक्टिंग' लागतं.

आता हबा यांची नोंद बघा. मार्चमध्ये दुसऱ्या दाराने आत. मग पहिल्या दारासाठी नाव सिनेटकडे, पण तिथे ते पुढे सरकलं नाही. 22 जुलैला जजांनी तिसऱ्या दाराने त्यांच्याच कार्यालयातल्या फर्स्ट असिस्टंटला नेमलं. अटर्नी जनरल पॅम बॉन्डी यांनी त्या फर्स्ट असिस्टंटलाच कामावरून काढलं. दोनच दिवसांनी हबा यांचं नाव सिनेटकडून मागे घेतलं, त्यांनी इंटरिमचा राजीनामा दिला आणि रिकाम्या झालेल्या फर्स्ट असिस्टंटच्या खुर्चीवर बसून मागच्या दाराने पुन्हा आत आल्या. वहीत या चार ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा भावजी थोडे गप्प झाले आणि निखिल जास्तच बोलायला लागला. पुढे ऑगस्टमध्ये जज मॅथ्यू ब्रॅन यांनी ही नेमणूक बेकायदा ठरवली, 1 डिसेंबरला वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं आणि आठवड्याभरात हबा यांनी पद सोडलं.

तिसरा रकाना दिवसांचा. इथे बातमीवर विसंबू नका, स्वतः मोजा. मी हाताच्या पेरांवर मोजते, तुम्ही फोनवर मोजा. व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्याचा हिशेब माझ्या वहीत असा आहे. एरिक सीबर्ट 21 जानेवारी 2025 ला इंटरिम झाले. जानेवारीचे उरलेले 10, फेब्रुवारीचे 28, झाले 38. मार्च धरून 69, एप्रिल धरून 99. मेचे 21 घातले की 120. म्हणजे 21 मेला अटर्नी जनरलचं दार बंद. जजांनी सीबर्ट यांनाच पुढे ठेवलं, इथवर कोणाची तक्रार नव्हती. सप्टेंबरमध्ये त्यांना जावं लागलं आणि बॉन्डी यांनी लिंडसे हॅलिगन यांना इंटरिम म्हणून नेमलं, जणू 120 दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. काहीच दिवसांत, 25 सप्टेंबरला, एफबीआयचे माजी प्रमुख जेम्स कोमी यांच्यावर आरोपपत्र, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अटर्नी जनरल (राज्यांचे अटर्नी जनरल वेगळे) लेटिशिया जेम्स यांच्यावर. 24 नोव्हेंबरला जज कॅमरन करी यांनी दोन्ही खटले काढून टाकले. कोमी दोषी की निर्दोष, या प्रश्नाला त्यांनी हातही लावला नाही. 120 दिवस जागेचे असतात, माणसागणिक नवे मिळत नाहीत, म्हणून नेमणूकच अवैध, आणि नेमणूक अवैध म्हणून आरोपपत्रही. माझ्या धंद्यात सही करायचा अधिकार नसलेल्याने चेकवर सही केली तर आकडा बरोबर असला तरी बँक चेक परत करते, तसंच.

हे 120 दिवसच 2006 मध्ये कायद्यातून गुपचूप काढले गेले होते. पेट्रियट ॲक्ट या दहशतवादविरोधी कायद्याच्या नूतनीकरणात एक कलम घुसवलं आणि इंटरिम माणूस कितीही दिवस बसू शकेल अशी सोय झाली. त्याच वर्षी 7 डिसेंबरला बुश सरकारने आपल्याच सात यूएस अटर्नींना एका दिवसात घरी पाठवलं. बोभाटा झाला, 2007 मध्ये 120 दिवस परत आले आणि अटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस गेले.

चौथ्या रकान्यात सिनेटरांची नावं. इथे कायदा कमी आणि रिवाज जास्त. ज्या राज्याची नेमणूक, तिथल्या दोन्ही सिनेटरांना एक निळा कागद जातो, त्याला ब्लू स्लिप म्हणतात. तो सही होऊन परत आला नाही तर सिनेटची न्यायविषयक समिती नाव पुढे नेत नाही. शंभरेक वर्षांची ही चाल. हबा यांच्यासाठी आमच्या कोरी बुकर आणि अँडी किम यांनी तो परत दिला नाही. ट्रम्प यांनी ही प्रथा मोडा म्हणून सांगितलं, पण त्यांच्याच पक्षाचे समितीप्रमुख चक ग्रासली यांनी मोडली नाही. 'होल्ड', म्हणजे सिनेटमध्ये नाव अडवून धरणं, वेगळा. तो कुठल्याही राज्याचा सिनेटर लावू शकतो. नेमणूक त्याने मरत नाही, पण आवाजी मतदानाने पाच मिनिटांत होणारं काम महिनोन्‌महिने लांबू शकतं.

पाचव्या रकान्यात सगळ्यात जवळच्या निवडणुकीची तारीख लिहा. यूएस अटर्नी आणि उमेदवार एकाच बातमीत आले की ही तारीख हवीच. 9 मे 2025 ला नेवार्कचे महापौर रास बराका यांना स्थलांतरितांच्या कोठडीबाहेर अटक झाली. ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत उभे होते, मतदान 10 जूनला. दहा दिवसांनी हबा यांच्या कार्यालयाने तो आरोप मागे घेतला. मधले दिवस मोजा आणि नुसते लिहून ठेवा. मीही पुढे काही लिहिलेलं नाही.

जुन्या नोंदीही याच रकान्यात येतात. 2006 च्या सप्टेंबरमध्ये, मतदानाला दोन महिने असताना, जर्सीचे तेव्हाचे यूएस अटर्नी ख्रिस क्रिस्टी यांच्या कार्यालयाने डेमोक्रॅट सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या एका भाडेव्यवहाराची कागदपत्रं मागवली. त्यातून आरोपपत्र कधी झालं नाही. क्रिस्टी पुढे गव्हर्नर झाले. त्याच साली न्यू मेक्सिकोत सिनेटर पीट डोमेनिची यांनी यूएस अटर्नी डेव्हिड इग्लेसियस यांना घरी फोन करून, डेमोक्रॅटांशी संबंधित एका प्रकरणात नोव्हेंबरच्या आत आरोपपत्र होणार का, असं विचारलं. डिसेंबरमध्ये काढलेल्या सात जणांत इग्लेसियसही होते.

इथे निखिल म्हणाला, "बघा, सगळे रिपब्लिकनच!" म्हणून शेवटचा रकाना ताळ्याचा. प्रत्येक नोंदीसमोर दुसऱ्या पक्षाची तशीच नोंद शोधायची आणि ती सापडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. 2023 मध्ये तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर जे. डी. व्हान्स यांनी बायडेन यांच्या न्याय खात्याच्या नेमणुकांवर होल्ड लावला, तर 2025 मध्ये डेमोक्रॅट सिनेटर डिक डर्बिन यांनी ट्रम्प यांच्या यूएस अटर्नींवर. हा ताळा तंतोतंत जुळतो. मॅसॅच्युसेट्सच्या रेचल रॉलिन्स यांना 2021 मध्ये सिनेटची मान्यता मिळाली ती 51 विरुद्ध 50 मतांनी, कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतावर. त्या पुढच्या दाराने आलेल्या, बायडेन यांनी नेमलेल्या. 2023 च्या मेमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. पक्षाच्या निधीसंकलनाला हजेरी लावली आणि बॉस्टनच्या डिस्ट्रिक्ट अटर्नीच्या निवडणुकीत आपल्या आवडत्या उमेदवारासाठी वर्तमानपत्राकडे माहिती फोडली, असं न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या चौकशीत निघालं. ही नोंद मी लिहीत असताना निखिल फोनमध्ये डोकं घालून बसला होता आणि भावजींनी ताकाचा पेला उचलला.

पण ताळा म्हणजे सगळं सारखंच, असं समजू नका. वही भरत गेले तसं मलाच दिसलं की 120 दिवस संपल्यावर पुन्हा पुन्हा नव्याने मोजायचा प्रकार 2025 च्या पानांवर जितका दाट आहे तितका आधीच्या कुठल्याच पानावर नाही. नेव्हाडा आणि लॉस एंजेलिसच्या नेमणुकाही कोर्टाने त्याच वर्षी अमान्य केल्या. हे मी भावजींना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, ब्लू स्लिप अडवून बसल्यावर सरकारने करायचं काय?" हा प्रश्नही खोटा नाही, तो चौथ्या रकान्यात समासात लिहिलाय.

आणि कोर्टाचा निकाल शाईने लिहू नका. अपील होतं, वरचं कोर्ट येतं, कधी सरकार तेच आरोपपत्र दुसऱ्याच्या सहीने पुन्हा आणायला बघतं. तारीख शाईने, निकाल पेन्सिलने. माझ्या वहीच्या मागे दोऱ्याने एक खोडरबर बांधलेला आहे.