फोनमधला जाहिरातींचा आयडी काढून टाका

खरेदीच्या ॲपवर कुकर पाहिला की बातम्यांच्या ॲपमध्येही कुकरच्याच जाहिराती दिसू लागतात. ही जुळवाजुळव बरेचदा फोनमधल्या 'ॲडव्हर्टायझिंग आयडी'वरून, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळख क्रमांकावरून होते. ॲप्स तो वाचतात आणि जाहिरात कंपन्यांना देतात. तो फुकटात काढता येतो.

अँड्रॉइडवर (१२ किंवा त्यापुढचे):

१. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' आणि तिथे 'ॲड्स' उघडा. काही फोनमध्ये हे 'गूगल'च्या आत असते. सापडलेच नाही, तर सेटिंग्जमध्ये वर 'ॲड्स' लिहून शोधा.

२. 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा आणि पुन्हा विचारल्यावर हो म्हणा. शेजारच्या 'रीसेट'वर थांबू नका, त्याने नुसता नवा आयडी मिळतो. डिलीट केल्यावर मात्र ॲपच्या हाती आयडीच्या जागी फक्त शून्ये लागतात.

आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'ट्रॅकिंग'मध्ये जाऊन 'अलाउ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा.

आईबाबांच्या फोनवरही हे आठवणीने करून द्या, त्यांना ही सेटिंग सहसा कोणी दाखवत नाही.

एक लक्षात ठेवा: जाहिराती बंद होणार नाहीत. शिवाय ज्या ॲपला तुम्ही मोबाइल नंबर किंवा ईमेल दिला आहे, ते त्यावरूनही तुम्हाला ओळखू शकते.