चित्रकार आणि त्याची प्रेरणा: ऐतिहासिक चित्रपटात या चुका टाळा

गेली अनेक वर्षे मी चित्रपटांच्या कला विभागासाठी चित्रे रंगवून देतो. राजा रविवर्मा यांच्या काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मुंबईतला एखादा चित्रकार आणि त्याची प्रेरणा ठरलेली स्त्री यांची प्रेमकथा पडद्यावर आणायची म्हटली की, संवाद, गाणी आणि पोशाख यांवर महिनोन्‌महिने खल होतो. चित्र मात्र चित्रीकरणाला आठवडा उरला असताना मागवले जाते. त्या दोघांमधले सगळे काही ज्या कॅनव्हाससमोर घडते, तोच खोटा दिसला तर त्यांच्या प्रेमावरही कोणाचा विश्वास बसत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकच पूर्ण झालेले चित्र तयार ठेवणे आणि नटाला त्यावर कोरडा कुंचला फिरवायला लावणे. एका चित्रपटात नायिका चित्रासाठी बसते असे सहा प्रसंग होते. मी एकाच चित्राच्या पाच अवस्था वेगवेगळ्या कॅनव्हासवर करून देतो म्हणालो, तेव्हा निर्मितीकडून उत्तर आले की एक पुरे, बाकीचे कॅमेऱ्याच्या कोनात सांभाळून घेऊ. पहिल्या बैठकीचे चित्रीकरण सुरू झाले. नायक तिचा चेहरा प्रथमच निरखतो आहे, असा तो प्रसंग होता. कॅमेरा हळूहळू त्याच्या खांद्यामागून वर आला आणि कॅनव्हास ठेवायच्या घोडीवर (ईझलवर) तिचा संपूर्ण चेहरा, डोळ्यांतल्या चमकेच्या ठिपक्यासह, आधीच तयार होता. मॉनिटरसमोर बसलेले सगळे एकदम गप्प झाले, आणि त्या दिवसाचे काम तिथेच थांबले.

सकाळपर्यंत पहिली अवस्था हवी होती. तैलरंग एका रात्रीत सुकत नाही, म्हणून सहायकांनी अ‍ॅक्रिलिकचा आग्रह धरला. अ‍ॅक्रिलिक त्या काळी नव्हतेच, पण माझी मुख्य अडचण वेगळी होती: ते काही मिनिटांत सुकते, त्यामुळे नटाच्या कुंचल्याखाली रंग सरकत नाही आणि बाजूने येणाऱ्या उजेडात पृष्ठभाग निर्जीव दिसतो. शेवटी मी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या अंबर या तपकिरी मातीरंगाने आकृतीची केवळ छायाप्रकाशाची मांडणी केली. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तो रंग इतरांपेक्षा लवकर सुकतो, म्हणूनच त्या रात्री आम्ही निभावलो. तेव्हापासून मी कोळशाचे रेखाटन, अंबरची छटा, चेहऱ्याचा पहिला थर, वस्त्रे व दागिने आणि पूर्ण चित्र असे एकाच मापाचे पाच कॅनव्हास किमान दीड महिना आधी सुरू करतो आणि प्रत्येकावर नटासाठी एक कोपरा रिकामा सोडतो, जिथे तो खरा ओला रंग लावू शकेल. ज्यांना इतके दिवस थांबायचे नसते, त्यांचे काम मी आता घेत नाही.

नटाने कुंचला पेनासारखा टोकाजवळ धरू नये. तो मागच्या बाजूला सैल धरावा, हात टेकवायची काठी वापरावी आणि चार फटकाऱ्यांनंतर दोन पावले मागे जाऊन पाहावे. दोन दिवसांचा सराव यासाठी पुरतो, आणि तेवढाही वेळ न देणारे नवखे दिग्दर्शक पाहिले की मला वाईट वाटते.

दुसरी चूक नायिकेच्या बाबतीत होते, आणि ती मला अधिक खटकते. संहितेत ती केस मोकळे सोडून तासन्‌तास हसऱ्या चेहऱ्याने बसलेली असते. प्रत्यक्षात अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात, कंबर भरून येते, दागिन्यांचे वजन मानेला जाणवू लागते. विश्रांती घेऊन परत बसताना जागा चुकू नये म्हणून पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा केलेल्या असतात, तरीही पदराच्या चुण्या बदलतात आणि चित्रकाराला त्या पुन्हा लावाव्या लागतात. जवळीक निर्माण होते ती या थकव्यातून आणि या दुरुस्त्यांतून. मी सरावाच्या वेळी अभिनेत्रीला खरोखर पंचवीस मिनिटे बसवतो. एकदा ती उठताना पाय टेकेना, तेव्हा नायकाने न सांगता कुंचला डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. दिग्दर्शकांनी ते पाहिले आणि प्रसंगात तसेच ठेवले.

कॅनव्हासची मागची बाजू दिसणार असेल तर स्टेपलर वापरू नका, बारीक खिळे ठोका. टायटॅनियम पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. त्याआधी शिशाचा आणि जस्ताचा पांढरा होता. शिसे विषारी असल्याने मी टायटॅनियममध्येच पिवळ्या मातीचा किंचित अंश मिसळतो, म्हणजे त्याचा थंडपणा जातो.

त्या काळचा शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून चित्रे छापण्याचा, छापखाना दाखवताना दगडावरचे चित्र आणि अक्षरे उलटी असली पाहिजेत, आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागतो. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ डोंगरांत असलेल्या मळवलीला गेला. त्यामुळे १८९५ च्या प्रसंगात मागे डोंगर दाखवू नयेत.

चित्रशाळेत ती दोघेच असतात, ही समजूतही सोडावी. रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा त्यांच्याबरोबर चित्रे रंगवत आणि रोजनिशी लिहीत. खोलीत असे तिसरे माणूस असले की नजर चुकवून पाहण्याला अर्थ येतो. लेखक मात्र सोयीसाठी पहिल्यांदा त्यालाच गाळतात.

चित्रीकरण संपल्यावर पाचही कॅनव्हास संकलन पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा. पॅचवर्क, म्हणजे राहून गेलेल्या तुकड्यांचे पुन्हा चित्रीकरण, हमखास निघते, आणि तिसऱ्या अवस्थेतला अर्धवट चेहरा दुसऱ्यांदा अगदी तसाच रंगवणे मला आजवर कधी जमलेले नाही.