रोल-प्लेइंग खेळात सल्लागार सॉफ्टवेअर कसे बेतावे

यानावर डॉक्टर नाही, एक खलाशी तापाने फणफणला आहे आणि हाताशी फक्त वैद्यकीय सल्ला देणारे सॉफ्टवेअर आहे, असा प्रसंग विज्ञानकथात्मक रोल-प्लेइंगमध्ये, म्हणजे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र वठवतो अशा खेळात, हमखास येतो. बहुतेक गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारे, अशा वेळी फाशांच्या बेरजेत एक-दोन गुण वाढवून पुढे जातात. त्याने खेळ अडत नाही, पण सॉफ्टवेअर हे केवळ एक अंक होऊन बसते. इंदूरला आमच्या मंडळींचा खेळ चालवताना मी त्याला प्रश्न विचारणारे आणि कारण सांगणारे पात्र म्हणून उभे करतो.

आधी हिशेब पाहू. दोन फासे टाकून ८ किंवा अधिक आले तर यश, आणि कौशल्य मुळीच नसेल तर ३ गुण वजा, असा नियम धरला तर अनाडी पात्राला फाशांवर ११ आणावे लागतात आणि ३६ पैकी केवळ ३ शक्यता त्याच्या बाजूने राहतात. सॉफ्टवेअरने ही वजाबाकी रद्द करावी आणि आपल्या श्रेणीपेक्षा (सॉफ्टवेअर जितके सरस तितकी श्रेणी वरची) एक कमी इतका गुण द्यावा. म्हणजे पहिल्या श्रेणीत ३६ पैकी १५, दुसऱ्या श्रेणीत २१ आणि तिसऱ्या श्रेणीत २६ शक्यता मिळतात. पात्र स्वतःच सॉफ्टवेअरइतके किंवा त्याहून अधिक कुशल असेल, तर फक्त १ गुण वाढवावा. ही मदत विचार आणि माहितीच्या कामांपुरतीच ठेवावी. निदान सॉफ्टवेअर सांगेल, पण जखमेला टाके घालणारा हात खेळाडूच्या पात्राचाच असला पाहिजे.

खरी गंमत संवादात आहे, आणि त्यासाठी १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेल्या मायसिन या तज्ज्ञ प्रणालीकडे पाहावे. जंतुसंसर्गाचे निदान करून प्रतिजैविक सुचवणाऱ्या या प्रणालीत ‘अमुक असेल तर तमुक’ अशा स्वरूपाचे सुमारे ६०० नियम होते. ती निष्कर्षाकडून मागे येत पुराव्यांची चौकशी करी, आणि वापरणाऱ्याने ‘का?’ असे विचारले की त्या क्षणी ती कोणता नियम तपासत आहे ते दाखवी. टेबलावर हे असे दिसते. सॉफ्टवेअर म्हणते, ‘रुग्णाची मान ताठ झाली आहे का?’ खेळाडू विचारतो, ‘का?’ उत्तर येते, ‘ताप असेल आणि मान ताठ असेल, तर मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाल्याची शंका बळावते.’ आता त्या खेळाडूला उठून रुग्णाची मान तपासावी लागते. चुकीची माहिती दिली तर सल्लाही चुकतो, आणि ती जबाबदारी टेबलावरच्या सगळ्यांना स्पष्ट दिसते.

सॉफ्टवेअरच्या ज्ञानाची हद्द गेममास्टरने आधीच लिहून ठेवावी. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी मायसिनबद्दल दाखवून दिले होते की, रुग्णाच्या आतड्यात कॉलऱ्याचे जंतू आहेत असे सांगितले तर ती दोन आठवडे टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्या एवढेच सुचवील. जंतू मरतील, परंतु शरीरातील पाणी संपून रुग्ण त्याआधीच दगावलेला असेल. माझ्या मते खेळात आणण्याजोगा याहून सकस पेच नाही. सल्ला नियमांनुसार बिनचूक असतो, आत्मविश्वासाने दिलेला असतो आणि तरीही अपुरा असतो. तो ओळखण्याची एखादी खूण, जसे की रुग्णाचे कोरडे ओठ, वर्णनात आवर्जून ठेवावी. खूण न ठेवता खेळाडूंना फसवणे अन्यायाचे आहे.

नियम लिहिण्यासाठी पुस्तके धुंडाळण्यापेक्षा जाणकार माणसांना विचारावे. इंदूरकरांच्या ओळखीत ‘कॅट’मध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, काम करणारे कोणी ना कोणी असतेच. तिथल्या इंडस-२ या वर्तुळाकार यंत्रात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेपर्यंत नेतात आणि त्यांच्या नळीत अतिशय उच्च निर्वात राखावा लागतो. निर्वात यंत्रणेतील गळती शोधताना बाहेरून सांध्यांवर हेलियमचा झोत मारतात आणि आत हेलियम ओळखणारे उपकरण ठेवतात. यावरून यानाच्या सॉफ्टवेअरचा नियम सहज तयार होतो: ‘निर्वात नळीतला दाब वाढत असेल आणि पंप ठीक असेल, तर एकेका सांध्यावर हेलियम सोडा, ज्या सांध्याशी उपकरण दाद देईल, तो बदला.’ यानाच्या इंजिन-कक्षात हेलियमचा साठा किती उरला आहे, हा पुढचा प्रश्न खेळाडूंना आपोआप सुचतो.

एका प्रसंगासाठी असे पाच-सहा नियम कागदावर पुरतात. प्रत्येक नियमापुढे खात्रीचा अंक लिहावा. मायसिनमध्ये तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असे. निष्कर्ष सांगताना सॉफ्टवेअरने तो अंकही बोलून दाखवावा, म्हणजे ०.४ खात्रीवर इंजेक्शन द्यायचे की जवळच्या तळापर्यंत थांबायचे, यावर खेळाडू आपापसांत वाद घालतील. तो वाद रंगात आला की गेममास्टरने मध्ये बोलू नये आणि फासे मागण्याची घाईही करू नये.