लेकरू थोडं आजारी आहे, शाळेत पाठवायचं का? या चुका टाळा

सकाळी कपाळाला हात लावायचा, ‘जराशी कसर वाटतीय’ म्हणायचं, पॅरासिटामॉल पाजायचं आणि रिक्षात बसवून द्यायचं. सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. या औषधाने ताप फक्त चार ते सहा तास दबतो. नऊला दिलेलं सिरप दुपारी उतरतं, लेकरू बाकावर डोकं टेकवून पडतं आणि तोवर शेजारच्या तिघांना प्रसाद वाटून झालेला असतो. ताप जाऊन, तोही औषध न देता, 24 तास झाले की मगच दप्तर भरा.

हाताचा अंदाज तर आपल्याकडे हमखास चुकतो. एप्रिलात परभणी-जालन्याकडे पत्र्याखाली झोपलेलं धडधाकट लेकरूही तापलेलंच लागतं. थर्मामीटर घ्या, काखेत नीट दाबून धरा, वाजेपर्यंत काढू नका. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दिसलं तर त्या दिवशी घरीच.

याच्या उलट चूकही तेवढीच होते. नाक वाहतंय म्हणून आठवडाभर घरी! साधी सर्दी सात-दहा दिवस राहते, खोकला त्याहून लांबतो. लेकरू जेवतंय, खेळतंय, रात्री नीट झोपलंय, ताप नाही, तर रुमाल देऊन पाठवा. शेंबूड हिरवा-पिवळा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक मागायला पळू नका. उवांसाठी तर शाळा बुडवायची गरजच नाही. संध्याकाळी घरी औषध लावा, झालं. पण दम लागत असेल, छाती उडत असेल तर शाळेचा विचार सोडा आणि दवाखाना गाठा.

उलटी-जुलाबाला मात्र सूट नको. ‘सकाळपासून एकदाच झाली’ हे कारण चालत नाही, कारण शाळेत पिंप एक, पेला एक आणि खिचडीच्या रांगेत सगळे हात एकत्र. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हात धुवायलाही पाणी मोजून मिळतं. शेवटच्या जुलाबानंतर निदान 24 तास, जमलं तर 48 तास घरी ठेवा. ओआरएस देताना पुडीतली चिमूटभर पावडर पेल्यात टाकू नका. लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात घाला आणि ते पाणी 24 तासांत संपवा. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ.

कांजिण्यांत अंघोळ घातली, कडुलिंब लावला म्हणून मोकळं होत नाही. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच दिवस, थांबावं लागतं. डोळे आले तर घाण येणं थांबेपर्यंत घरी, आणि मोठ्या भावाचे उरलेले ड्रॉप्स घालू नका.

आता खरी अडचण. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी चालू असते, दोघंही रानात असतात, लेकराजवळ बसायला कोणी नसतं. आई-बापाला दोष देऊन हे सुटत नाही. आजी किंवा शेजारच्या काकूंशी आधीच बोलून ठेवा. गुरुजींना असा नंबर द्या जो दिवसा खरंच उचलला जातो. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस माझ्या मते बंदच करावं. त्या पेनापायी लेकरं ताप लपवतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आणखी एक सावधगिरी. डेंग्यूत ताप तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि घरचे निश्चिंत होऊन शाळेत धाडतात. धोक्याची वेळ नेमकी तेव्हाच असते. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून गेलेलं लेकरू, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन देऊ नका.