प्रतिकारशक्तीच्या आजारात घरची शुश्रूषा: ताप आला की काय करायचं

ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) अशा आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, कातडीवर उलटते. तिला आवरायला प्रेडनिसोलोन (पुढे स्टेरॉइड म्हणते ते हेच), मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड अशी औषधं देतात आणि त्यासोबत जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांमध्ये अशा पेशंटांची घरची शुश्रूषा मी कितीतरी वर्षं करते आहे. घरातल्यांचं प्रेम कुठेच कमी पडत नाही. गोंधळ होतो तो तापाच्या पहिल्या काही तासांत, म्हणून लिहिणार आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

आधी किरकोळ गोष्टी उरकते.

खोली आणि हात

खोली हवेशीर ठेवा, पेशंटला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, सर्दी-खोकला असलेल्याला आत येऊ देऊ नका. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, कानबाईच्या उत्सवाला सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. तेव्हा पेशंटची खोली वेगळी ठेवा आणि ज्याला भेटायचं त्याने दारातून भेटावं. पाहुण्यांना वाईट वाटेल, वाटू द्या.

खाणं

ताजं, शिजवलेलं, गरम. वांग्याचं भरीत चालतं, पण त्यावर वरून घातलेली कच्ची कांद्याची पात आणि कोथिंबीर नको. शेतातल्या भरीत पार्टीत ज्या पाण्याने हात आणि भांडी धुतात, त्या पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून पेशंटच्या वाट्याचं भरीत घरी करा. केळी उत्तम, सालीसकट येतात आणि आपल्याकडे बारमाही मिळतात. पाणी उकळलेलं, दूध तापवलेलं. सकाळची भाजी संध्याकाळी नको.

'इम्युनिटी वाढवणारे' काढे तर मुळीच देऊ नका. जी यंत्रणा आधीच स्वतःवर उलटली आहे, तिला आणखी चेतवायचं कशासाठी? कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही लांब राहा, त्यांत कित्येकदा न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

औषधं

दोनच गोष्टी भिंतीवर लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेट या आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. चुकून रोज घेतलं तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जातो. दुसरी गोष्ट, स्टेरॉइड स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. चेहरा सुजला म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ आहेत. बरेच दिवस गोळी घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं आणि गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, हळूहळू.

ताप

इथे मी सावकाश लिहिणार आहे.

निरोगी माणसाला ताप आला तर दोन दिवस वाट पाहिलेली चालते, याला नाही चालत. तोंडातला ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्यावर गेला की त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरांना कळवायचं आणि निघायची तयारी करायची. 'साधा ताप शे, उतरी जाई' हे वाक्य मी ज्या घरात ऐकते, तिथे मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ताप जंतूंचा आहे की मूळ आजारच उसळला आहे, हे घरी बसून ना तुम्हाला कळतं ना मला. मी मोजू शकते, लिहू शकते आणि पेशंटला पोचवू शकते. निदान रक्ताच्या तपासण्यांनंतर होतं.

ताप नीट मोजणं हेच मला सुरुवातीला फार जड जायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ सेल्सिअसवर जातो. माणूस अंगणातून आत आला की अंग तापलेलंच असतं, घामाने काख ओली असते आणि आकडा काहीही येतो. म्हणून आधी सावलीत अर्धा तास बसवा, चहा किंवा गार पाणी घेतलं असेल तर तितकाच वेळ थांबा आणि मग जिभेखाली मोजा. काखेतच मोजायचं असेल तर ती आधी कोरडी करा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो. मनाने त्यात भर घालू नका, 'काखेत' असं सरळ लिहा. रक्तपेशी कमी असलेल्या माणसाच्या गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही. आणि पाऱ्याचा जुना थर्मामीटर घरात ठेवूच नका. तो ४२ सेल्सिअसपर्यंतच असतो आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीतली नुसती हवाही त्याच्या वर जाऊ शकते, मग तो फुटतो. डिजिटल घ्या.

पेशंट बरा असतानाच एक आठवडा सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. स्टेरॉइड ताप दाबतं. ज्याचा रोजचा आकडा ९७ आहे, त्याला ९९.५ येणं आणि सोबत हुडहुडी भरणं हे माझ्या हिशेबी ताप आल्यासारखंच आहे. आकडा साधा असला तरी या खुणा दिसल्या की निघा: नेहमी बोलणारा माणूस गप्प किंवा बरळायला लागला, श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त झाला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, स्टेरॉइडची गोळी उलटीत पडायला लागली. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा आणि मोजतोय हे त्याला सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो.

आता काय करायचं नाही ते सांगते. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. आकडा आणि वेळ लिहा, डॉक्टरांना फोन करा, त्यांनी सांगितलं तर द्या. कपाटातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. रुग्णालयात रक्त कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला घेतात, त्याआधी पोटात अँटिबायोटिक गेली असेल तर जंतू सापडत नाही आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला कोट्रायमॉक्साझोल ही अँटिबायोटिक तर दुसऱ्या कोणी हातात ठेवली तरी देऊ नका. दोन्ही मिळून रक्तपेशी खाली आणतात.

आणि गावातल्या 'सुई'बद्दल माझं मत पक्कं आहे. एक सुई, एक सलाईन, ताप उतरला, माणूस उठून बसला, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. त्या सुईत बऱ्याचदा वेदनाशामक आणि स्टेरॉइड असतं. ताप दबतो, जंतू वाढतच राहतात. ज्याची मूत्रपिंडं ल्युपसने आधीच थकली आहेत, त्याला वेदनाशामक सुई वेगळी इजा करते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली जातो आणि या खेपेला रक्तदाबासकट. मी अशा वेळी दारात उभी राहून नको म्हणते, भांडण झालं तरी चालेल.

निघायचा निर्णय घेताना रस्ता हिशेबात धरा. धडगावहून घाट उतरून नंदुरबारला पोचणं आणि भुसावळहून जळगावला जाणं एकसारखं नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या गावाने आकडा १०० झाला तेव्हाच गाडी सांगून ठेवावी. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करा, आणि ती यायला वेळ लागणार असेल तर गावातली कोणाचीही गाडी घ्या. रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

सोबत एक कागद असू द्या, आधीच लिहून फाईलच्या पहिल्या पानावर लावलेला: आजाराचं नाव, सगळी औषधं आणि डोस, स्टेरॉइड किती महिन्यांपासून, शेवटचं इंजेक्शन कधी, कशाची अ‍ॅलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टरांसमोर उभं राहिल्यावर पहिलं वाक्य हे बोला: 'याची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केलेली आहे, आणि ताप आहे.' 'दोन दिवस अंग दुखतंय' पासून सुरुवात केली तर तुमचा नंबर रांगेत मागे जातो. दुसरं वाक्य, 'स्टेरॉइड चालू आहे, ते थांबवू नका.' आजारपणात शरीराला ते उलट जास्त लागू शकतं. मेथोट्रेक्सेटसारखी औषधं मात्र जंतुसंसर्गात बहुधा काही काळ थांबवतात. कुठलं थांबवायचं हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

तापाशिवायच्या दोन गोष्टी

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यात फोड आले तर ती नागीण. गेरू लावणं आणि नागीण उतरवून घेणं यात दिवस जातात आणि विषाणूविरोधी गोळी ७२ तासांच्या आत सुरू झाली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर बेडक्याची टीबी तपासणी करून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते.

घरी परतताना

डिस्चार्जच्या वेळी जुनी यादी फाडा आणि नवी तिथेच, सिस्टरसमोर लिहा. थांबवलेलं औषध पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायचं, रक्त कधी तपासायचं आणि फ्लू, न्यूमोनियाच्या लसी कधी घ्यायच्या, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय वॉर्डातून निघू नका. जिवंत विषाणूंच्या लसी या औषधांवर असताना सहसा देत नाहीत, म्हणून लसीचं नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ ताप पुन्हा वहीत लिहायचा.